कोंबड्यांचे धूलिस्नान : द्रव्ये आणि त्यांची नावे

दुपारच्या सुमारास कोंबडी कोरड्या जागी नखांनी खळगा करते, त्यात अंग टाकते, पंखांनी धूळ पिसांत उडवून घेते आणि शेवटी उठून सर्वांग झाडते. या क्रियेस शास्त्रीय लेखनात ‘धूलिस्नान’ म्हणतात. खेड्यातील बोलीत ‘कोंबडी मातीत लोळते’ एवढेच म्हणण्याचा प्रघात आहे. हा विषय पशुविज्ञानाचा असता भाषाविभागाच्या पत्रिकेत त्यास स्थान कशासाठी, अशी शंका वाचकांना येणे साहजिक आहे. तिचे उत्तर असे की, धूलिस्नानास कोणते द्रव्य वापरावे याविषयीचा आपल्याकडील सल्ला राख, चुना, भुसा, माती, पावडर अशा चार-पाच शब्दांत सामावलेला आहे आणि या प्रत्येक शब्दाच्या पोटात निरुपद्रवी व अपायकारक अशा दोन्ही वस्तू नांदत आहेत. शब्दार्थाची ही संदिग्धता येथे कोंबडीच्या डोळ्यांवर, फुप्फुसांवर आणि अखेर अंडे खाणाऱ्या माणसावर परिणाम करते.

प्रथम क्रियेचे प्रयोजन पाहू. कोंबडीच्या शेपटीच्या मुळाशी एक तैलग्रंथी असते. तिच्यातील तेल चोचीने पिसांना लावले जाते. परंतु काही काळाने ते जुने होऊन पिसे चिकट होतात. बारीक धूळ हे जादा तेल शोषून घेते आणि पिसांच्या तळाशी असलेला मऊ लव पुन्हा फुलतो. डेन्मार्कमधील व्हेस्टरगार्ड यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून असे दिसते की, सोय असल्यास कोंबडी साधारणपणे दोन दिवसांतून एकदा, सुमारे अर्धा तास धूलिस्नान करते. ही प्रवृत्ती उपजत आहे. तारेच्या जाळीवर वाढलेल्या कोंबड्या धूळ नसतानाही त्याच हालचाली करतात. युरोपीय संघाने १९९९ च्या निर्देशानुसार जुन्या पद्धतीचे पिंजरे २०१२ पासून वर्ज्य ठरविले, त्यामागे अशा स्वाभाविक गरजांचाही विचार होता.

आता द्रव्यांकडे वळू. ‘राख’ हा शब्द संस्कृत ‘रक्षा’ या शब्दाशी जोडला जातो. अस्थिविसर्जनाच्या संदर्भात ‘रक्षा’ हा शब्द आजही मराठीत त्याच अर्थाने आढळतो. चुलीत लाकूड आणि गोवरी यांखेरीज दुसरे काही जळत नव्हते तोवर ‘घरची राख’ म्हणताच वस्तू निश्चित होत असे. अशी चाळलेली, थंड व कोरडी राख मातीत थोड्या प्रमाणात मिसळण्यास हरकत नाही. आज मात्र त्याच शब्दाने दगडी कोळशाची राख, रंग दिलेल्या फळ्यांची राख आणि प्लॅस्टिकसह जाळलेल्या कचऱ्याची राख यांचाही निर्देश होतो. यांत जड धातू व अन्य विषारी द्रव्ये असू शकतात. शब्द तोच राहिला, त्याचा विषय पालटला; ऐकणाऱ्यास मात्र हा पालट जाणवत नाही. लाकडाची राखही भिजली की तीव्र क्षारधर्मी बनते व त्वचा आणि डोळे यांना दाह करते, हेही ध्यानी ठेवावे.

‘चुना’ हा ‘चूर्ण’ शब्दापासून आलेला. या शब्दाच्या बाबतीत भाषेने विशेषणांची सोय करून ठेवलेली आहे : कळीचा चुना, विरवलेला चुना आणि निराळ्या घडणीची चुनखडी. कळीचा चुना ओलावा लागताच तापतो आणि अंग भाजतो. विरवलेला चुनाही डोळ्यांस व श्वासमार्गास दाहक असतो. हे दोन्ही धूलिस्नानास सर्वथा वर्ज्य होत. चुनखडीची भुकटी त्या मानाने सौम्य असते. सल्ला देणारा ‘थोडा चुना टाका’ एवढेच बोलून थांबला, तर त्यातील महत्त्वाचा भाग वगळला गेला असे समजावे.

‘भुसा’ म्हणजे गव्हाचा कोंडा-काड, तसाच लाकडाचा भुगाही. दोन्ही अंथरुणास चालतात. परंतु धूलिस्नानास जाड व हलके कण फारसे उपयोगी नाहीत. प्रयोगांत कोंबड्यांनी लाकडाच्या कपच्यांपेक्षा वाळू आणि पीट नावाची कुजक्या वनस्पतींची बारीक माती अधिक पसंत केल्याचे आढळते. कारण उघड आहे : कण जितका बारीक व वजनदार, तितका तो पिसांच्या मुळापर्यंत पोचतो. रसायन लावलेल्या लाकडाचा भुगा तर टाळावाच.

‘माती’च्या बाबतीत मराठी समृद्ध आहे. पोयटा किंवा चाळलेली तांबडी माती कोरडी ठेवली तर उत्तम. काळी माती ओली असता चिकटते व वाळली असता ढेकळे धरते. ती फोडून चाळावी लागते. पण मातीचे उगमस्थान या नावांतून कळत नाही. जुन्या रंगाचे पोपडे पडलेली भिंत किंवा वाहतुकीचा रस्ता यांलगतच्या मातीत शिसे असण्याचा संभव असतो. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले, तरी मातीत उतरलेले शिसे नाहीसे होत नाही. सिडनी येथील परसातल्या कोंबड्यांच्या अंड्यांत बाजारातील अंड्यांपेक्षा पुष्कळ अधिक शिसे असल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

सर्वांत धोक्याचा शब्द ‘पावडर’ हा होय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील मार्टिन व मलेन्स यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात धुळीच्या खोक्यात डायटम माती, केओलिन अथवा गंधक मिसळले असता, खोके वापरणाऱ्या कोंबड्यांवरील उवा व माइट पुष्कळ घटले. गंधकाचा गुण सर्वांत अधिक आला. तथापि डायटम माती घेताना ती भाजलेली नसावी; भाजलेल्या प्रकारात स्फटिकरूप सिलिका असते व तिची धूळ फुप्फुसांस घातक आहे. न भाजलेली भुकटी मिसळतानाही नाकातोंडास फडके बांधावे. याउलट, खेड्यापाड्यांत ‘पावडर’ म्हणजे दीर्घकाळ बीएचसीची भुकटी असेच समीकरण होते. तिच्यावर भारतात १९९७ मध्ये बंदी आली. कार्बारिलवर २०१८ मध्ये. नेदरलँड्स व बेल्जियम येथे माइट मारण्यासाठी कोंबड्यांच्या शेडमध्ये फिप्रोनिल वापरले गेल्याने २०१७ मध्ये लक्षावधी अंडी नष्ट करावी लागली. तेव्हा शेतीची कीटकनाशके धुळीत मिसळू नयेत.

धूलिस्नानाची मर्यादाही सांगितली पाहिजे. खुराड्याच्या फटींत दिवसा दडणारी आणि रात्री रक्त पिणारी गोचीड त्याने आटोक्यात येत नाही. त्यासाठी फटी बुजवून खुराडेच स्वच्छ करावे लागते. तसेच कोकणासारख्या प्रदेशात पावसाळ्यापूर्वीच माती चाळून, उन्हात वाळवून पोत्यात भरून ठेवावी आणि पडवीत, ओल न येणाऱ्या जागी, वीतभर खोल पसरावी. विष्ठा पडून ती घाण झाली की बदलावी.

तात्पर्य, चाळलेली कोरडी माती व वाळू हा पाया, त्यात लाकडाची अल्प राख, एवढे बहुतेक घरांस पुरे आहे. सल्ला लिहिणाऱ्याने मात्र प्रत्येक नामापूर्वी त्याचे विशेषण लिहावे : कशाची राख, कोणता चुना, कोठली माती, कसली पावडर. कोशरचनेतही अशा शब्दांखाली निव्वळ पर्याय न देता पोटभेद नोंदविले जावेत. परसातील कोंबड्या बहुधा घरातील स्त्रिया व मुले सांभाळतात. त्यांच्या हाती पडणारा सल्ला एका गाळलेल्या विशेषणामुळे अपायकारक ठरू नये, एवढी काळजी भाषेच्या अभ्यासकांस सहज घेता येण्यासारखी आहे.