कंपनी गेली, नंबर राहिला!

मुंबईत एखाद्याचा जुना मोबाइल नंबर ‘९८२१’ने सुरू होत असेल, तर त्यामागे बहुधा एका बंद पडलेल्या कंपनीची आठवण असते. ती कंपनी म्हणजे बीपीएल मोबाइल.

टीव्हीमुळे घरोघरी पोचलेले बीपीएल हे नाव १९९५ साली मुंबईकरांच्या हातातल्या फोनवरही आले. मोबाइल तेव्हा श्रीमंतांची चैन होती. गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत आकार पडे आणि आलेला फोन उचलला तरी मीटर चालू! २००३ मध्ये इनकमिंग मोफत झाले, तेव्हा कुठे सामान्य माणूस मोकळेपणाने बोलू लागला.

पुढे कंपनीची मालकी बदलली. २००९ मध्ये तिचे नाव ‘लूप’ झाले. २०१४च्या नोव्हेंबरमध्ये परवान्याची मुदत संपली. एअरटेलशी ठरलेला सुमारे ७०० कोटींचा व्यवहारही फिसकटला. जवळपास ३० लाख ग्राहकांपुढे एकच प्रश्न होता: दुकानाच्या पाटीवरचा, नातेवाइकांना तोंडपाठ असलेला आपला नंबर जाणार की काय?

२०११ पासून देशभर लागू झालेली नंबर पोर्टेबिलिटी इथे मदतीला आली. एसएमएसने कोड मिळवून ज्यांनी वेळेत दुसऱ्या कंपनीकडे अर्ज केला, त्यांचा नंबर वाचला. कंपनीची पाटी उतरली. आईने पाठ केलेले दहा आकडे मात्र तसेच राहिले.