वार्ता वस्तीची, जबाबदारी रहिवाशांची

पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढू लागले की सांगलीतील माणूस सकाळी उठल्याबरोबर एकच प्रश्न विचारतो : आयर्विनला किती फूट? १९२९ साली पूर्ण झालेल्या या पुलापाशी पाण्याची पातळी मोजली जाते. ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी होय. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात हे पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. पातळी मोजण्याचे काम शासकीय यंत्रणेचे. परंतु तो आकडा कानी पडताच कोणत्या गल्लीत पाणी येणार, कोणाच्या उंबऱ्याला लागणार, जनावरे केव्हा हलवावयाची, हे नदीकाठची वस्ती स्वतः ताडते. आकडा शासनाचा आणि त्याचा अर्थ वस्तीचा, असा हा मेळ आहे. असा मेळ जेथे बसतो तेथे माहिती उपयोगी पडते. जेथे बसत नाही तेथे ती कार्यालयाच्या दप्तरातच राहते.

हा मेळ बसविण्याचे काम शहरांतील रहिवासी संघ आणि गावांतील वाडी-वस्तीची मंडळे करू शकतात. अनेक ठिकाणी ती करीतही आहेत. त्या कामाचे स्वरूप कोणते, त्याला कायद्याचा आधार कोणता आणि ते करताना कोणती पथ्ये पाळावीत, याचा येथे विचार करावयाचा आहे.

दवंडीपासून फलकापर्यंत

वस्तीला वार्ता देण्याची प्रथा आपल्याकडे नवी नाही. गावात दवंडी पिटली जाई, चावडीवर कागद वाचून दाखविले जात. शहरे वाढली तेव्हा चाळीच्या जिन्याखालचा काळा फलक हे काम करू लागला. नळाची वेळ बदलली, कोणाकडे दुःखद घटना घडली, उत्सवाची सभा ठरली, हे सारे खडूने त्यावर लिहिले जाई. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव साजरा होत आला आहे. अशा उत्सवांच्या निमित्ताने एकत्र आलेले शेजारी वर्षभर एकमेकांची खबरबात ठेवीत.

दवंडीचा एक मोठा गुण असा, की ती ज्याला वाचता येत नाही त्याच्याही कानी पडे. आजच्या सूचना पुष्कळदा राजपत्रात, वृत्तपत्राच्या आतल्या पानावर अथवा कार्यालयाच्या फलकावर प्रसिद्ध होतात. कायद्याच्या दृष्टीने सूचना पुरी झालेली असते; परंतु ज्याच्यासाठी ती काढली त्याला तिचा पत्ता नसतो. मुदत संपल्यावर तो कार्यालयात येतो आणि 'आम्हाला कोणी कळविलेच नाही' असे म्हणतो. अधिकारीही खरे बोलतो आणि नागरिकही. दोघांमधला दुवा मात्र तुटलेला असतो.

मुदतीचे मोल

स्थानिक कारभारातील बहुतेक हक्क मुदतीशी बांधलेले आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार फेरफाराची नोंद होताना तिची सूचना चावडीवर लावली जाते आणि हितसंबंधितांना हरकत घेण्यासाठी १५ दिवसांचा अवधी असतो. एखादी विधवा बहीण वा परगावी राबणारा भाऊ यांना त्या अवधीत वार्ता मिळाली नाही, तर पुढे अपिलाच्या फेऱ्यांत वर्षे जातात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाल्यावर विहित मुदतीत सूचना व हरकती मागविल्या जातात. आपल्या गल्लीतून रस्ता जाणार की नाही, मैदानाचे आरक्षण राहणार की उठणार, हे त्या मुदतीत नकाशा पाहिला तरच कळते.

मुंबईचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये बृहन्मुंबईचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला. ठिकठिकाणच्या रहिवासी संघटनांनी आपापल्या विभागाचे नकाशे मिळविले, ते प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहिले आणि त्यांतील चुका दाखवून दिल्या. हजारो हरकती दाखल झाल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शासनाने आराखडा सुधारण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०१८ मध्ये आराखड्यास मंजुरी मिळाली. शहराचा नकाशा तज्ज्ञ काढतात हे खरे. पण कोणत्या वळणावर विहीर आहे आणि कोठे शाळेची भिंत आहे, हे तेथे राहणारा माणूसच सांगू शकतो.

कायद्याचा आधार

माहिती मागणे हा आता उपकाराचा विषय राहिलेला नाही. महाराष्ट्राने २००२ मध्येच माहितीच्या अधिकाराचा स्वतंत्र कायदा केला होता. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्रीय माहितीचा अधिकार अधिनियम अंमलात आला. त्यातील चौथे कलम फार महत्त्वाचे आहे. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपली कर्तव्ये, निर्णय घेण्याची पद्धत, अंदाजपत्रक, योजनांचे लाभार्थी इत्यादी सतरा बाबींची माहिती कोणी न मागता स्वतः होऊन प्रसिद्ध करावी, असे ते सांगते. जी माहिती प्रसिद्ध झालेली नाही तीसाठी दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला हे शुल्क नाही. सामान्यतः ३० दिवसांत, आणि जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास ४८ तासांत, माहिती देणे बंधनकारक आहे. राज्याच्या २०१२ मधील नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांच्या आत मांडावयाचा असतो. नेमके विचारण्याची सवय लागण्यास ही मर्यादा उपकारकच ठरते.

त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, १९९३ पासून, ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले आणि तीन लाख वा अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद झाली. मुंबई महानगरपालिकेने १९९७ पासून 'प्रगत परिसर व्यवस्थापन' हा उपक्रम हाती घेतला. एका गल्लीतील अथवा काही इमारतींतील रहिवाशांनी समिती स्थापून कचऱ्याचे वर्गीकरण, स्वच्छता व नागरी तक्रारी यांबाबत विभाग कार्यालयाशी थेट संबंध ठेवावा, ही त्यामागील कल्पना होती. पुणे महानगरपालिकेने २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचविण्याची पद्धत सुरू केली. अशा योजना कागदावर कितीही उत्तम असोत. अर्जाची अखेरची तारीख वस्तीला ठाऊक नसेल तर त्यांचा लाभ जाणत्या चार जणांनाच मिळतो.

वार्ता कशी द्यावी

परिसराला माहिती देणाऱ्या संघाने आरंभी मोठा व्याप मांडू नये. आठवड्यातून एकदा बदलला जाणारा एक फलक आणि महिन्यातून एकदा निघणारे एक पानी पत्रक एवढ्यावर काम सुरू होऊ शकते. मात्र काही नियम कटाक्षाने पाळले पाहिजेत.

पहिला नियम हा, की प्रत्येक वार्तेखाली ती कोठून मिळाली हे लिहावे : कोणत्या कार्यालयाकडून, कोणत्या तारखेच्या पत्राने. 'असे समजते' या शब्दांना फलकावर जागा असू नये. दुसरा नियम, अखेरची तारीख ठळक लिहावी व त्यापूर्वी काय करावयाचे तेही लिहावे. तिसरा नियम, कार्यालयाची भाषा घरच्या मापात आणावी. धरणातून 'दहा हजार क्युसेक विसर्ग' असे म्हटल्याने सामान्य माणसाला बोध होत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. पण त्याहूनही उपयोगी माहिती ही, की एवढा विसर्ग असता मागील वेळी पाणी घाटाच्या कितव्या पायरीला लागले होते. चौथा नियम, चूक झाली तर ती लपवू नये; त्याच फलकावर तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्ती लिहावी. पाचवा नियम, काम पुरे होईपर्यंत वार्तेचा पाठपुरावा करावा. 'गटार दुरुस्तीचा अर्ज दिला' एवढे लिहून थांबू नये. उत्तर काय आले, काम केव्हा सुरू झाले, केव्हा संपले, हेही कळवावे.

अफवेचा प्रतिकार

जेथे खरी वार्ता वेळेवर पोहोचत नाही तेथे खोटी वार्ता तिची जागा घेते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, भटक्या जमातीतील पाच निरपराध माणसांचा जमावाने बळी घेतला. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्यापूर्वी मोबाइलवरून पसरली होती. त्या अफवेला अडविणारा, 'थांबा, प्रथम चौकशी करू' असे म्हणणारा आणि ज्याचे म्हणणे लोक ऐकतील असा आवाज त्या घटकेस पुरेसा बलवान नव्हता. हा आवाज आयत्या वेळी निर्माण होत नाही. वर्षभर नळाच्या वेळा आणि रस्त्याची कामे यांविषयी जो खरे सांगत आला, त्याच्याच शब्दावर माणसे कठीण प्रसंगी विश्वास ठेवतात.

याची दुसरी बाजू भिवंडीने दाखविली आहे. १९७० व १९८४ या वर्षी या शहराने भीषण दंगली पाहिल्या. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने तेथे मोहल्ला समित्या स्थापन झाल्या. दोन्ही समाजांतील सामान्य रहिवासी, यंत्रमाग कामगार, दुकानदार पोलिसांसमवेत नियमितपणे एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये जवळच मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. शेजारी शेजाऱ्याला ओळखत होता आणि ऐकलेल्या बातमीची शहानिशा कोठे करावयाची हे त्याला ठाऊक होते, या गोष्टीचा त्यात मोठा वाटा होता.

कोणाला कळविले?

रहिवासी संघांच्या कार्यात एक उणीव पुष्कळदा आढळते. संघाच्या यादीत घरमालकांची नावे असतात. भाडेकरू, रखवालदार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, बांधकामावरील मजूर आणि नाल्याकाठच्या झोपड्यांतील कुटुंबे त्या यादीत नसतात. पाणी मात्र प्रथम त्यांच्याच घरात शिरते. २५ जुलै २०२४ रोजी पुण्यात मुठा नदीला पूर आला आणि सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरी परिसरात पहाटेच्या सुमारास पाणी घुसले. अशा वेळी लोक झोपेत असतात. फलक वाचावयास कोणी नसते आणि मोबाइल उशाशी मुका पडलेला असतो. तेथे दारावरची थाप हीच खरी सूचना ठरते. कोणी कोणत्या दारावर थाप मारावयाची, अंथरुणाला खिळलेला वृद्ध कोणत्या घरात आहे, तळमजल्यावर कोण झोपते, हे आधी ठरलेले असेल तरच ती थाप वेळेवर पडते. यास्तव प्रत्येक संघाने आपल्या वार्तेला एक प्रश्न नित्य विचारावा : ही शेवटच्या घरापर्यंत गेली का?

त्याचबरोबर काही गोष्टी फलकावर येता कामा नयेत. कोणाच्या घरी कर थकला, कोणाला कोणता आजार आहे, कोणाचा कौटुंबिक वाद चालू आहे, ही परिसराची माहिती नव्हे. निवडणुकीच्या काळात संघाचा फलक कोणत्याही पक्षाची भिंत होऊ नये. एकदा तो तसा झाला की अर्धी वस्ती त्याकडे पाठ फिरविते आणि पुढच्या पुराची सूचनाही तिला पोहोचत नाही.

प्रत्येकाचा वाटा

अधिकाऱ्यांनी कामाचा आदेश, अंदाजित खर्च व मुदत यांची एक प्रत संघाकडे आपणहून पाठविली, तर तक्रारींचे कितीतरी अर्ज मुळातच टळतील. शिक्षकांना विद्यार्थ्यांकडून गावातील जुन्या पुराच्या खुणा भिंतींवर रंगवून घेता येतील. शेजारच्या आजीला सूचना वाचून दाखविण्याचा पाठ कोणत्याही पुस्तकातील पाठाइतकाच मोलाचा आहे. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेची विषयपत्रिका वाडी-वस्तीवर नेऊन समजावून सांगावी. म्हणजे सभेत केवळ हात वर होणार नाहीत, प्रश्नही विचारले जातील.

सांगलीचा नागरिक आयर्विनचे फूट विचारतो, कारण त्या आकड्यावर त्याचा भरवसा आहे आणि त्याचा अर्थ त्याला कळतो. रस्ता, पाणी, शाळा, आराखडा आणि अंदाजपत्रक यांविषयीही प्रत्येक वस्तीने तितक्याच सहजतेने 'किती?' आणि 'केव्हापर्यंत?' असे विचारावे आणि तिला त्याचे खरे उत्तर शेजारीच मिळावे. त्यासाठी लागतो तो एक फलक, एक खडू आणि खरे तेच लिहिण्याचा निश्चय.