गोदामानं राखलेला देव

जानेवारीतला शेवटचा रविवार म्हणजे जागतिक कुष्ठरोग दिन. आकडे आणि आवाहनं त्या दिवशी सगळीकडे वाचाल. मला सांगायचंय ते केंब्रिजच्या न्यूमार्केट रोडवर, रेल्वे रुळांच्या शेजारी उभ्या असलेल्या दोन खोल्यांच्या दगडी वास्तूबद्दल. साधारण ११२५ च्या सुमाराचं हे ‘लेपर चॅपल’, महारोग्यांच्या इस्पितळाचं प्रार्थनाघर.

इस्पितळ या शब्दावर जाऊ नका. रोगावर औषध नव्हतंच. गावाबाहेर निवारा, अन्न आणि प्रार्थना, एवढाच उपचार. ११७९ च्या लॅटरन धर्मपरिषदेनं अशा रोग्यांना चर्च वेगळं, दफनभूमी वेगळी आणि धर्मगुरूही वेगळा देण्याचा ठराव केला. वेशीबाहेरचा देव आणि वेशीबाहेरचं मसण मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

खर्च भागावा म्हणून राजा जॉननं इस्पितळाला जत्रा भरवायची मुभा दिली. तेराव्या शतकाच्या अखेरीस रोगी उरले नाहीत, जत्रा मात्र फुगत गेली. इंग्रज लेखक डॅनियल डिफोनं तिला जगातली सर्वांत मोठी म्हटलं. आसपासच्या रस्त्यांना आजही गार्लिक रो, ऑयस्टर रो, मर्सर्स रो म्हणतात. लसूण आळी, कालवं आळी, कापड आळीच म्हणा की! आणि चॅपल? त्यात जत्रेच्या पालांचा लाकूडफाटा रचून ठेवत.

भाविक हळहळतील, पण माझ्या मते ते तगलं या गोदामामुळेच. लाकूड भिजू नये म्हणून छप्पर राखावं लागतं, आणि छप्पर राखलं की भिंती टिकतात. १८१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठाचे ग्रंथपाल थॉमस केरिच यांनी चॅपल विकत घेऊन विद्यापीठाला देऊन टाकलं. १९५१ पासून ते शहराचा वारसा जपणाऱ्या एका स्थानिक संस्थेकडे आहे.

आज ते ‘ग्रेड वन’ यादीत आहे. इंग्लंडच्या संरक्षित इमारतींपैकी जेमतेम अडीच टक्के या वर्गात येतात. परवानगीशिवाय बदल केला तर फौजदारी गुन्हा. कायदा उत्तमच, पण तो आला तेव्हा चॅपलची आठ शतकं उलटली होती. आपण उलट करतो. आधी पुरातत्त्व खात्याची निळी पाटी ठोकतो, मग कुलूप घालतो, आणि बंद वास्तूला पिंपळ धरतो.

चॅपलमधल्या कमानीवरची दातेरी नक्षी शाबूत आहे आणि तिथं अजूनही प्रार्थना होते. इस्पितळाची बाकी एकही भिंत उभी नाही.