नागसेनवन : प्रश्न विचारण्याचा हक्क

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला, तेव्हा इथे उच्च शिक्षणाची सोय अगदी तुटपुंजी होती. गावकुसाबाहेरच्या मुलांसाठी तर ती नसल्यातच जमा. ही उणीव ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. ते ‘मिलिंद’ नावाने ओळखले जाते आणि त्याचा परिसर ‘नागसेनवन’ म्हणून ओळखला जातो.

या नावांतच शिक्षणाची दृष्टी आहे. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. त्याने भिक्खू नागसेनांना निर्भयपणे प्रश्न विचारले. नागसेनांनी दाखले देत त्यांची उकल केली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना गप्प बसवले गेले, त्यांच्या मुलांना प्रश्न विचारायला शिकवणे, हे समतेचे पहिले पाऊल होते.

इथल्या वसतिगृहांमुळे खेड्यातली गरीब मुले शहरात राहून शिकू शकली. इथे शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने दलित लेखकांना हक्काचे व्यासपीठ दिले.

समाजाची प्रगती रस्ते-कारखान्यांइतकीच यावरूनही मोजावी : शेवटच्या बाकावरचे मूल न घाबरता हात वर करते का?