निशाणी शिकवतं कोण?

मीमांसक आणि नैयायिक या भारतीय दर्शनपरंपरांमधला एक जुना वाद आहे. शब्दाचं अर्थाशी असलेलं नातं मुळातलंच, असं मीमांसक मानत. ते संकेताने ठरलेलं, असं नैयायिकांचं म्हणणं. पण मूल भाषा शिकतं कसं, याचं दोघांचं उत्तर बरंचसं सारखं होतं: वृद्धव्यवहारातून. एक वडीलधारा दुसऱ्याला ‘गाय आण’ म्हणतो, दुसरा गाय घेऊन येतो. मग ‘गाय बांध’, मग ‘घोडा आण’. बाजूला बसलेलं मूल नुसतं बघतं आणि कोणता शब्द बदलला की कोणती कृती बदलते, यावरून एकेका शब्दाचा अर्थ सोडवून घेतं. व्याख्या कुणीच सांगत नाही. मला यापुढे जाऊन असं म्हणायचं आहे की चिन्हाचा अर्थ चिन्हात नसतोच, तो ही शिकवणी चालवणाऱ्या माणसांमध्ये असतो. ती माणसं जागेवर असली तर चिन्ह बदलूनही अर्थ टिकतो. ती पांगली तर चिन्ह जसंच्या तसं राहूनही अर्थ निघून जातो. हे एरवी सिद्ध करणं कठीण. परळ, लालबाग, दादरच्या मतदान केंद्रांवर मात्र दोन्ही गोष्टी घडून गेल्या आहेत.

निवडणुकीची निशाणी आपल्याकडे आली ती गरजेपोटी. १९५१च्या जनगणनेत देशातली साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती, आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी ठेवून तिच्यावर चित्र चिकटवलेलं असे. चित्र साधं, रोजच्या पाहण्यातलं असावं, अशी अपेक्षा. पुढे एकच मतपत्रिका आली, शिक्का आला, मग यंत्र आलं. तरी प्रचारातला ‘शिक्का मारा’ कित्येक वर्षं गेला नाही. काँग्रेसने बैलजोडी, गाय-वासरू आणि हात असा प्रवास केला. म्हणजे निशाणी बदलूनही मतदार सोबत येतो, हे देशाला ठाऊक होतं. पण त्या वेळी जुनी निशाणी समोर उभी नव्हती, ती गोठवली गेली होती. मुंबईत मात्र जुनी आणि नवी निशाणी एकाच यंत्रावर आमनेसामने आली.

ऑक्टोबर २०२२मध्ये निवडणूक आयोगाने शिवसेनेचा धनुष्यबाण गोठवला, उद्धव ठाकरे यांच्या गटाला मशाल आणि एकनाथ शिंदे यांच्या गटाला ढाल-तलवार दिली. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाकडे गेला. धनुष्यबाण १९८९पासूनचा, भिंतींवर, फलकांवर, गणपतीच्या कमानींवर रंगवून तीन दशकं मुरलेला. चिन्हातच ताकद असती, तर या भागात निकाल आधीच लागला होता. झालं उलटं. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत दक्षिण मुंबईत अरविंद सावंत आणि दक्षिण मध्य मुंबईत अनिल देसाई, दोघेही मशालीवर लढून धनुष्यबाणाच्या उमेदवारांपुढे ५० हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. सहा महिन्यांनी विधानसभेला वरळी, माहीम आणि भायखळा या तिन्ही ठिकाणी हीच लढत होऊन मशालच जिंकली, माहीमला अगदी काठावर. जेमतेम दोन वर्षांत एक चित्र पुसून दुसरं बसवणं भाषणांनी होत नाही. ते काम शाखांचं, गटप्रमुखांचं, जिन्याजिन्यावर नमुना मतपत्रिका घेऊन फिरणाऱ्या बायकांचं. १९८५मध्ये छगन भुजबळ माझगावातून मशालीवरच निवडून आले होते ही आठवण काढली जाते. पण ती आठवणसुद्धा कुणीतरी सांगावी लागते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: लोकांनी चित्राला नव्हे, ठाकरे या नावाला मत दिलं, चित्र केवळ निमित्त. चित्र इतकं किरकोळ असतं तर साताऱ्यात जे झालं ते झालं नसतं. त्याच लोकसभा निवडणुकीत शरद पवार यांच्या पक्षाची निशाणी होती ‘तुतारी वाजवणारा माणूस’, आणि काही अपक्षांना मिळालेल्या ट्रम्पेटचं मराठी नाव यादीत ‘तुतारी’ असंच छापलेलं. लोक त्या वाद्याला पिपाणी म्हणाले. साताऱ्यात पवारांचा उमेदवार सुमारे ३३ हजारांनी पडला आणि पिपाणीला ३७ हजार मतं मिळाली. दिंडोरीत पिपाणीने लाखाचा आकडा ओलांडला; तिथे आडनावाचं साम्यही होतं. यातली किती मतं चुकून पडली हे मोजता येत नाही, सगळी चुकून पडली असं मानायला मात्र मी तयार नाही. तरीही एक दिसतं. प्रचारात लोकांना ‘तुतारी’ हा शब्द शिकवला गेला, चित्र पुरेसं शिकवलं गेलं नाही. शिकवणी अर्धी झाली, आणि अर्धी शिकवणी दुसऱ्याच्या पदरात पडली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. विधानसभेला राज्यभरात धनुष्यबाणाने ५७ जागा जिंकल्या आणि मशालीने २०. मग जुन्या चिन्हाची पुण्याई खरीच म्हणायची. सत्ता, लाडकी बहीण योजना, मित्रपक्ष ही कारणं बाजूला ठेवली तरी ठाण्यात काय झालं ते पाहा: तिथे शाखा चालवणारी माणसंच धनुष्यबाणासोबत गेली. चिन्हाच्या जुनेपणाचा प्रभाव वेगळा तपासायचा तर शिकवणारं जाळं आधीच विस्कटलेली जागा हवी. ती गिरणगावातच, म्हणजे परळ-लालबागच्या या गिरणी भागातच आहे. भारतीय कम्युनिस्ट पक्षाची विळा-कणीस ही निशाणी पहिल्या निवडणुकीपासून आजतागायत तीच. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगाराला भातकापणी परकी नव्हती, पण साच्यावर उभ्या माणसाचा कणसाशी रोजचा संबंध काय? तो संबंध युनियनच्या सभांनी, गेटवरच्या भाषणांनी, चाळीतल्या शाहिरांनी लावून दिला होता. पुढे १८ जानेवारी १९८२चा गिरणी संप आला, तोही कम्युनिस्टांच्या लाल बावट्याच्या नव्हे, कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली. डिसेंबर १९८४मध्ये, काँग्रेसच्या लाटेत, सामंत दक्षिण मध्य मुंबईतून अपक्ष म्हणून जिंकले. निवडणुकीच्या तोंडावर हाती आलेली निशाणी गिरणगावाने काही आठवड्यांत पाठ केली, कारण शिकवायला संपकरी गल्लोगल्ली होते. मग गिरण्या बंद पडल्या, चाळी पडल्या, ती माणसं कल्याण-डोंबिवलीला, विरारला नाहीतर गावी गेली. आज लोअर परळच्या टॉवरमधल्या तिशीच्या मतदाराला विळा-कणीस दाखवलं, तर तो बहुधा विचारेल की ही कुठल्या बियाणं कंपनीची जाहिरात.