क्लच उतरवण्याआधी

वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावच्या शिवारात क्लच म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सोयाबीनची पेरणी सुरू झाली की ट्रॅक्टरचं पेडल दिवसभर डाव्या पायाखाली असतं, आणि त्याला मोकळी चाल ठेवली नाही तर प्लेट घसरून जळते, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. जुन्या स्पोर्ट्‌स कारचा क्लच तत्त्वाने तोच आहे. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबून धरलेली एक प्लेट, आणि पाय दिला की तिला मोकळी करणारं एक बेअरिंग. वेगळा आहे तो पेडलपासून बेअरिंगपर्यंतचा रस्ता, आणि बिघाड बहुतेक वेळा त्या रस्त्यातच असतो.

उदाहरणाला एमजीबी घेऊ. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली ही गाडी. पाच लाखांहून अधिक निघाल्या. तिच्यात पेडल आणि क्लच यांना जोडणारी केबल नाही की दांडा नाही. मधलं काम तेल करतं. पेडलच्या वरच्या भागाला एका पिनेने पुशरॉड जोडलेला असतो. तो मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ढकलतो, तेल नळीतून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरकडे जातं, आणि स्लेव्हचा पुशरॉड बेअरिंग ढकलणारा फोर्क हलवतो. आपल्याकडच्या जुन्या माणसांनी अशी रचना स्टँडर्ड हेराल्डमध्ये पाहिली असेल. ही गाडी मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्‌सने १९६१पासून दहा वर्षं बनवली. ट्रायम्फची स्पिटफायर ही स्पोर्ट्‌स कार त्याच हेराल्डच्या चासीवर बेतलेली. मारुती ८०० आली ती मात्र क्लचची केबल घेऊन.

निदान चुकलं तर काय होतं, ते हेराल्डमध्ये आणि एमजीबीत फार वेगळं आहे. हेराल्ड आणि स्पिटफायरचा गिअरबॉक्स गाडीच्या आतून, मधलं आवरण काढून उतरवता येतो. एमजीबीत ती सोय नाही. क्लच प्लेटपर्यंत पोचायचं तर इंजिनच बाहेर काढावं लागतं. म्हणून गिअर कडकड वाजू लागला की लगेच ‘क्लच गेला, इंजिन उतरवा’ म्हणणाऱ्या मेकॅनिकचा मला मनापासून राग येतो. इंजिन उतरलं, नवी प्लेट बसली, सगळं परत जोडलं आणि गिअर तसाच वाजतोय, असं घडतं. दोष असतो पेडलच्या पिनेत.

ती पिन नीट बघण्यासारखी आहे. पेन्सिलीएवढ्या जाडीची, दोन बोटांत मावणारी. हजारो वेळा पाय पडून तिच्या अंगाला एका बाजूने खाच पडते आणि पेडलमधलं गोल भोक लांबट होतं. तिथे झिजलेला दोन मिलिमीटरचा भाग पायाशी सेंटिमीटरभराची वाया गेलेली चाल होऊन येतो, कारण पेडल ही तरफ आहे. पाय खाली टेकतो, पण तेल पुरेसं सरकलेलं नसतं. आधी हाताने पेडल हलकेच दाबून पाहावं, पुशरॉड हलण्याआधी ते किती रिकामं जातं. मग पिन काढून शेजारच्या ब्रेकच्या पिनेशी ताडून बघावी. शंका उरत नाही. भोक लांबट झालं असेल तर नुसती पिन बदलून भागत नाही. भोक वेल्डने भरून पुन्हा पाडावं लागतं.

पिन ठीक असेल तर तेलाकडे वळायचं. मास्टर सिलिंडरच्या डब्यात तेल कमी असेल तर ते कुठेतरी गेलं आहे. पेडलवरून केबिनच्या गालिच्यावर ओघळ दिसला तर मास्टरचं सील गेलं. स्लेव्हचं रबरी बूट मागे सरकवल्यावर ओल लागली तर स्लेव्हचं. कुठेच गळती नाही, पण दोनतीनदा भराभर पेडल मारल्यावर ते वर येतं? मग नळीत हवा आहे, एअर काढावी लागेल. पहिला गिअर टाकून पेडल दाबून धरलं आणि काही सेकंदांत गाडी हळूच पुढे सरकू लागली, तर मास्टरच्या आतलं सील तेल मागे सोडतंय. तेल बाहेर येत नसल्यामुळे हा दोष सहज नजरेतून सुटतो. पेडल सोडल्यावर क्लच उशिरा धरत असेल, तर रबरी नळी आतून फुगलेली असू शकते.

एक माणूस पेडलवर, दुसरा गाडीखाली, ही सगळ्यांत खात्रीची तपासणी. पेडल पूर्ण दाबल्यावर स्लेव्हचा पुशरॉड साधारण अर्धा इंच सरकला पाहिजे. कमी सरकला तर दोष त्याच्या अलीकडे आहे आणि इंजिनाला हात लावायचं कारण नाही. पुरेसा सरकूनही रिव्हर्स टाकताना आवाज येत असेल तरच संशय आत न्यावा. तिथे एमजीबीचं रिलीज बेअरिंग येतं. ते छऱ्यांचं नाही, कार्बनचं आहे. पेडलवर पाय टेकवून गाडी चालवायची सवय असेल तर लवकर झिजतं.

आपल्या हवामानात आणखी एक गोष्ट होते. पावसाळाभर गाडी उभी राहिली की प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटते. पुशरॉड पूर्ण चालतो, तरी क्लच सुटत नाही. अशा वेळी इंजिन गरम करून बंद करावं, गाडी मोकळ्या मैदानात न्यावी, पेडल दाबून धरून गिअरमध्येच स्टार्टर द्यावा आणि चालू लागलेल्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबत-सोडत राहावं. बऱ्याचदा प्लेट सुटते. नाही सुटली, तर मात्र इंजिन उतरवायला हरकत नाही.