व्हायोलिनचे शिक्षण आणि संगणकाचा कान

हार्मोनियम शिकू लागणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट आयती मिळते. पट्टी दाबली की स्वर उमटतो आणि तो स्वर वाद्य तयार करणाऱ्या कारागिराने आधीच जुळवून ठेवलेला असतो. सतारीवर निदान पडदे असतात. व्हायोलिनवर यांपैकी काहीच नाही. दांडीवर पडदा नाही, खूण नाही. बोट कोठे टेकवावे हे केवळ कानाने ठरवावयाचे असते. म्हणूनच व्हायोलिनचे शिक्षण म्हणजे प्रथम कानाचे शिक्षण आणि नंतर हाताचे, असे जाणकार म्हणतात.

ज्या गावात संगीतशिक्षक आठवड्यातून एकदाच येतो, तेथील मुलाने उरलेले सहा दिवस काय करावे? सराव तर करावयास हवा. पण चुकीच्या स्वरावर सहा दिवस केलेला सराव ती चूकच पक्की करतो. या सहा दिवसांत मुलाचे वादन ऐकून चूक दाखविणारे कोणी असावे, या गरजेतून परस्परसंवादी संगणक-प्रणालींचा विचार पुढे आला. ध्वनिमुद्रित पाठ केवळ बोलतो. परस्परसंवादी प्रणाली ऐकतेही. हे ऐकणे कसे घडते, त्याचा उपयोग कोठे होतो आणि त्यावर किती विसंबावे, याचा विचार शाळा चालविणाऱ्यांनी व गावाचा कारभार पाहणाऱ्यांनी करणे अगत्याचे आहे.

एका मिलिमीटरचे मोल

पूर्ण मापाच्या व्हायोलिनमध्ये तारेचा कंप पावणारा भाग सुमारे ३३ सेंटिमीटर लांबीचा असतो. सप्तकाचे १२०० समान सूक्ष्म भाग केले, तर त्यातील प्रत्येक भागाला ‘सेंट’ म्हणतात. हार्मोनियमवरील दोन लगतच्या पट्ट्यांमध्ये असे १०० सेंट असतात. पहिल्या बोटाच्या जागी बोट एक मिलिमीटर सरकले, तर स्वर सुमारे ६ सेंट बदलतो. तीन मिलिमीटरची चूक झाली की स्वर बेसूर झाल्याचे सामान्य श्रोत्यालाही जाणवते. मुलांसाठी पाऊण, अर्धे, पाव, अष्टमांश आणि षोडशांश अशा मापांची वाद्ये मिळतात. त्यांची तार आखूड असल्याने तेवढ्याच सरकण्याने स्वर अधिक बिघडतो. म्हणजे ज्यांचे हात सर्वांत कोवळे, त्यांच्याकडूनच सर्वांत अधिक अचूकपणाची अपेक्षा केली जाते.

उजव्या हाताचे काम याहून अवघड आहे. गज तारेशी काटकोनात चालला पाहिजे; शिवाय गजाचा वेग, त्याचा दाब आणि घोडीपासूनचे त्याचे अंतर या तिन्ही गोष्टींचा मेळ बसला तरच नाद गोल निघतो. एक गोष्ट बिघडली तरी खरखर ऐकू येते.

जपानमधील शिनिची सुझुकी (१८९८-१९९८) यांनी या अडचणीवर एक मार्ग शोधला. मूल मातृभाषा जशी ऐकून, बोलून आणि आईबापांच्या सहवासात शिकते, तसेच त्याने संगीत शिकावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या पद्धतीत पालकाने वर्गात मुलासोबत बसावे, घरी रोज सराव करून घ्यावा आणि शिकावयाची रचना मुलाच्या कानांवर सतत पडावी, असा आग्रह असतो. घरात ऐकणारे माणूस असणे हा या पद्धतीचा पाया आहे. ज्या घरात असे माणूस नाही, तेथील रिकामी जागा काही अंशी यंत्राला भरून काढता येईल का, हा खरा प्रश्न होय.

आपल्याकडील परंपरा

व्हायोलिन हे मूळचे युरोपीय वाद्य असले, तरी ते आपल्याकडे परके राहिलेले नाही. गोव्यात चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांतून मुलांना स्वरलिपीचे वाचन, गायन आणि व्हायोलिन शिकविले जाई. तेथे शिकलेल्या अनेक पिढ्यांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. गोव्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे संगीतकार प्यारेलाल यांनी व्हायोलिनचे धडे घेतले होते. हिंदुस्थानी रागसंगीतात गजाननराव जोशी, वि. गो. जोग आणि डी. के. दातार यांनी या वाद्याला मानाचे स्थान मिळवून दिले. खेड्यातील साध्या चर्चच्या आवारात, अल्प साधनांनिशी, नियमित शिक्षणाच्या बळावर उत्तम वादक घडू शकतात, हा गोव्याच्या अनुभवाचा धडा आहे. तेथे उपकरणे नव्हती. पण शिक्षक रोज भेटत असे.

यंत्र स्वर कसा ओळखते?

ध्वनी म्हणजे हवेतील कंप. व्हायोलिनची मोकळी ‘ए’ तार सामान्यतः सेकंदाला ४४० वेळा कंप पावेल अशी लावतात. संगणकाचा किंवा मोबाईलचा मायक्रोफोन हा कंप टिपतो आणि सेकंदाला साधारणतः ४४,१०० वेळा त्याचे मोजमाप घेतो. त्यामुळे ‘ए’ तारेच्या एका कंपात सुमारे १०० मोजमापे येतात. या आकड्यांची माळ किती अंतरानंतर पुन्हा तशीच दिसू लागते, हे प्रणाली शोधते. त्यासाठी ती त्याच माळेची एक प्रत थोडी थोडी पुढे सरकवून मूळ माळेशी ताडून पाहते. ज्या अंतरावर दोन्ही जुळतात, तो एका कंपाचा काल. त्यावरून कंपनसंख्या निघते आणि कंपनसंख्येवरून स्वर. या तत्त्वावर आधारलेली आणि बरीच प्रचारात असलेली ‘यिन’ ही पद्धत आलँ द शेवेन्ये आणि हिदेकी कावाहारा यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केली.

यात एक गंमतीची अडचण आहे. जी माळ १०० मोजमापांनंतर पुन्हा तशीच दिसते, ती २०० नंतरही तशीच दिसते. त्यामुळे यंत्र कधी कधी स्वर बरोबर ओळखूनही सप्तक चुकते. गज खरखरला, शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाज आला किंवा पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळू लागला, तर त्याचा गोंधळ वाढतो. नवशिक्याच्या वादनात खरखर अधिक असावयाचीच. म्हणजे ज्याला यंत्राच्या मदतीची सर्वांत अधिक गरज, त्याचेच वादन ओळखणे यंत्राला सर्वांत कठीण जाते.

परदेशांतील प्रयोग

या विषयावर गेल्या काही दशकांत बरेच संशोधन झाले आहे. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये ‘डिजिटल व्हायोलिन ट्यूटर’ नावाची प्रणाली मांडली. शिक्षक जवळ नसताना घरी सराव करणाऱ्या नवशिक्यांसाठी ती होती. विद्यार्थ्याचे वादन ऐकून ती ते स्वरांत उतरवी, शिक्षकाच्या वादनाशी ताडून पाही आणि कोणते बोट कोठे पडावयास हवे होते ते चित्राद्वारे दाखवी. युरोपीय संघाच्या साहाय्याने २००५ ते २००८ या काळात ‘आय-मास्त्रो’ हा प्रकल्प राबविण्यात आला. त्यात वादकाच्या हालचालींचा मागोवा घेऊन गज सरळ चालतो की तिरका, हे वादकालाच त्रिमितीय आरशात पाहिल्याप्रमाणे दाखविण्याचा प्रयत्न होता. पुढे २०१६ ते २०१९ या काळात बार्सिलोना येथील पोम्पेऊ फाब्रा विद्यापीठ, लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक, जिनोव्हा विद्यापीठ आदी संस्थांनी ‘टेल्मी’ हा प्रकल्प हाती घेतला. त्याचा मुख्य विषय व्हायोलिन हाच होता. त्यातून तयार झालेली ‘स्कायनोट’ ही प्रणाली स्वराची अचूकता, लय आणि नादाचा दर्जा यांविषयी वादन चालू असतानाच माहिती देते.

या सर्व प्रयोगांत यंत्राकडे सरावातील सोबती म्हणून पाहिलेले आहे. शिक्षकाला बाजूस सारणे हा त्यांचा हेतू नाही.

गंधाराचा प्रश्न

आपल्या शाळांच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. बाजारात मिळणाऱ्या बहुसंख्य प्रणाली पियानोच्या स्वरांना प्रमाण मानतात. पियानोच्या सप्तकाचे बारा भाग अगदी समान केलेले असतात. तानपुऱ्याच्या साथीने गाणारा गायक मात्र षड्जाशी मिळणारा स्वर लावतो. षड्ज आणि शुद्ध गंधार यांच्या कंपनसंख्यांचे नैसर्गिक प्रमाण ४ : ५ असे आहे. षड्ज २२० धरला, तर गंधार २७५ येतो. पियानोच्या हिशेबाने तो २७७ च्या किंचित वर जातो. हा फरक सुमारे १४ सेंटांचा, म्हणजे व्हायोलिनच्या तारेवर सुमारे दोन मिलिमीटरचा आहे. शुद्ध धैवताच्या बाबतीत असाच सुमारे १६ सेंटांचा फरक पडतो. पंचमात मात्र तो जेमतेम २ सेंटांचा आहे.

समजा, एका मुलीने तानपुरा लक्षपूर्वक ऐकून अगदी बरोबर गंधार लावला. पडद्यावर लाल खूण उमटली आणि स्वर उतरला आहे, असे यंत्राने सांगितले. त्या मुलीने कोणावर विश्वास ठेवावा? ती यंत्राचे ऐकेल, तर वर्षभरात तिचा चांगला कान बिघडेल. दरबारी कानड्याचा आंदोलित कोमल गंधार किंवा मींड यांचे मोजमाप तर अशा प्रणालीला करताच येत नाही, कारण तेथे स्वर एका जागी थांबतच नाही. पाश्चात्त्य व्हायोलिनवादकही लगतच्या तारा २ : ३ या नैसर्गिक प्रमाणातच लावतात आणि प्रसंगानुसार स्वर किंचित चढा-उतरा ठेवतात. तेव्हा हा प्रश्न केवळ भारतीय संगीताचा नाही, आपल्याकडे तो अधिक तीव्र आहे इतकेच. षड्ज हवा तेथे ठेवण्याची आणि नैसर्गिक प्रमाणातील स्वर निवडण्याची सोय ज्या प्रणालीत आहे, तीच रागसंगीताच्या वर्गासाठी निवडली पाहिजे.

यंत्राला न दिसणारे

मायक्रोफोन परिणाम ऐकतो. कारण त्याला कळत नाही. स्वर उतरला हे तो सांगेल. पण मुलाने मनगट दांडीला टेकवले आहे, खांदा उचलून धरला आहे किंवा गज मुठीत आवळला आहे, म्हणून तसे झाले हे शिक्षकाच्याच ध्यानात येईल. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात पॉल रोलंड यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तंतुवाद्यांच्या शिक्षणाचा एक मोठा प्रकल्प चालविला. शरीराची मोकळी, ताणरहित हालचाल हाच त्यांच्या शिकवणीचा गाभा होता. चुकीच्या बैठकीतून जडलेली मान-खांद्याची दुखणी वर्षानुवर्षे साथ सोडत नाहीत.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. प्रत्येक प्रयत्नानंतर लगेच बाहेरून निर्णय मिळत राहिला, तर सरावाच्या वेळी कामगिरी सुधारलेली दिसते. परंतु ती मदत काढून घेताच शिकलेले टिकत नाही, असे हालचालींच्या शिक्षणाविषयीच्या संशोधनाचे परीक्षण करून १९८४ मध्ये अभ्यासकांनी दाखवून दिले. डोळे पडद्यावरील काट्याकडे लागले की कान विश्रांती घेतो, आणि व्हायोलिन तर कानानेच वाजवावयाचे असते.

शाळांनी व ग्रामपंचायतींनी काय करावे?

पहिले काही आठवडे यंत्र बाजूला ठेवावे. वाद्य धरणे, बैठक आणि मोकळ्या तारांवर गज चालविणे हे शिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावे. त्यानंतर रोजच्या सरावात दहा-पंधरा मिनिटांपुरता प्रणालीचा वापर करावा. प्रथम तानपुरा लावावा. मुलाने स्वर वाजवावा, तो मिळाला की चढला की उतरला हे स्वतः सांगावे आणि मगच पडद्याकडे पाहावे. या क्रमाने यंत्र कानाला तपासण्याचे काम करील. कानाची जागा घेणार नाही. मुलाचे वादन मुद्रित करून ठेवल्यास आठवड्याने येणाऱ्या शिक्षकाला सहा दिवसांचा सराव ऐकता येतो. आपल्या परिस्थितीत हाच या साधनाचा सर्वांत मोठा लाभ ठरावा. प्रणालीने दिलेले गुण मात्र परीक्षेचे गुण मानू नयेत.

खरेदीपूर्वी काही गोष्टी पाहून घ्याव्यात. इंटरनेट नसतानाही प्रणाली चालते का? षड्ज बदलता येतो का? साथ ऐकण्यासाठी तारेचे हेडफोन वापरावेत. बिनतारी हेडफोनमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो आणि लय बिघडते. मुलांचा आवाज किंवा चित्रण कोठे साठविले जाते, याचीही चौकशी व्हावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानुसार १८ वर्षांखालील व्यक्तींच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती अपेक्षित आहे. ती घेणे ही शाळेने औपचारिकता समजू नये.

खर्चाचा अंदाज बांधताना केवळ वाद्ये व उपकरणे यांचा विचार करून भागत नाही. तारा, राळ आणि गजाचे केस हा पुन्हा पुन्हा करावा लागणारा खर्च आहे. त्याची तरतूद नसेल, तर दुसऱ्या वर्षी वाद्ये कपाटात जातात. शिक्षकाचे मानधन हा त्याहून महत्त्वाचा भाग होय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कलाशिक्षणाला अभ्यासक्रमाबाहेरचा विषय मानू नये असे म्हटले आहे आणि स्थानिक कलावंतांना शिक्षक म्हणून शाळेत आणण्याची शिफारस केली आहे. गावातील किंवा तालुक्यातील वादक, भजनी मंडळातील सुरेल गायक, चर्चमधील संगीतशिक्षक यांचा शोध ग्रामपंचायतीला सहज घेता येईल. स्वर पारखणारा कान या मंडळींकडे आधीच आहे.

यंत्राचा कान थकत नाही, रागावत नाही आणि शंभराव्या चुकीलाही पहिल्या चुकीइतक्याच शांतपणे उत्तर देतो. लाजऱ्या मुलाला याचा मोठा आधार वाटतो. परंतु शंभर चुकांनंतर लागलेला एक सच्चा स्वर ऐकून ‘वाहवा’ म्हणणे त्याला जमत नाही. ती दाद देणारा माणूस वर्गात असला, तरच उरलेले सहा दिवस यंत्राच्या सोबतीने केलेला सराव सार्थकी लागेल. म्हणून आधी शिक्षक, मग वाद्य आणि शेवटी यंत्र, हा क्रम लक्षात ठेवूनच या नव्या साधनाचे स्वागत व्हावे.